निरोप येतो, पण ऐकणारा कुठे आहे? हार्मोन रिसेप्टरच्या संशोधनाविषयी एक उत्तर

रावेर तालुक्यातील एका केळी उत्पादक भाऊंचा प्रश्न असा आहे. त्यांची मुलगी जळगावला जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि पुढे हार्मोन रिसेप्टर व जनुकशास्त्र या विषयात पीएच.डी. करायची, असे तिने घरात जाहीर केले आहे. भाऊ विचारतात की हा विषय नेमका काय आहे, त्यात माणूस आयुष्यभर करतो तरी काय, आणि मुलीला या वाटेने जाऊ द्यावे का. मी मूळचा अमळनेर तालुक्यातला. याच विषयात पस्तीस वर्षे काढून आता निवृत्त झालो आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

भाऊ, या विषयाची सुरुवात मी तुमच्याच केळीपासून करतो, कारण रिसेप्टर म्हणजे काय हे तुम्ही रोज पाहता. फक्त त्याला ते नाव देत नाही. कापणीनंतर हिरव्या फण्या रायपनिंग चेंबरमध्ये जातात. तिथे सोळा ते अठरा अंश तापमानात, हवेच्या दहा लाख भागांत साधारण शंभर भाग इतकाच इथिलीन वायू सोडून चेंबर एक दिवस बंद ठेवतात आणि मग हवा खेळती करतात. पुढच्या चार-पाच दिवसांत सगळा माल एकसारखा पिवळा होतो. इथिलीन हे वनस्पतीचे हार्मोन आहे, म्हणजे एका भागाने दुसऱ्या भागाला धाडलेला निरोप. पण एवढ्याशा वायूने टनावारी माल बदलतो, तो वायू काही केळ्याला शिजवत नाही. केळ्याच्या प्रत्येक पेशीत तो निरोप ऐकणारे एक प्रथिन असते, तेच रिसेप्टर. मराठी पुस्तकांत त्याला ग्राही म्हणतात. पूर्वी कार्बाइडच्या पुड्या ठेवून जे केळे पिकवले जात असे, त्यातही हेच होते. कार्बाइडमधून निघणारा ॲसिटिलीन वायू इथिलीनची नक्कल करून त्याच रिसेप्टरला फसवतो. त्यासोबत आर्सेनिकसारखे नको ते अंश येतात म्हणून त्यावर बंदी आहे, हा भाग वेगळा.

हा ऐकणारा सापडला कसा, ते सांगण्यासारखे आहे, कारण आमच्या विषयाची सगळी रीत त्यात दिसते. अंधारात वाढणाऱ्या रोपाला इथिलीन दिले की ते खुजे व जाड होते आणि त्याचा शेंडा आकड्यासारखा वळतो. अमेरिकेतील संशोधकांनी ॲराबिडोप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातील एका बारीकशा वनस्पतीच्या बियांमध्ये मुद्दाम जनुकीय बदल घडवले, त्या इथिलीनच्या हवेत अंधारात उगवू दिल्या आणि खुज्या रोपांच्या दाट गर्दीत एखादे रोप ताठ उभे आहे का, ते पाहिले. तसे रोप मिळाले. इथिलीन भरपूर होते, पण या रोपाला ते ऐकूच येत नव्हते. त्यातून १९९३ मध्ये जो जनुक हाती लागला, तो वनस्पतींतील हार्मोन रिसेप्टरचा ओळखला गेलेला पहिला जनुक ठरला.

यातली एक गोष्ट मुलीला अवश्य विचारा. रोपाकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक प्रत बिघडली तरी दुसरी काम भागवते, असा आपला साधा समज असतो. मग इथे एकाच प्रतीतील बदलाने रोप बहिरे का झाले? उत्तर असे की हा रिसेप्टर शेतातल्या रखवालदारासारखा आहे. निरोप येईपर्यंत तो वाट अडवून उभा असतो आणि इथिलीन आले की बाजूला होतो. बहिरा रखवालदार कधीच हटत नाही, आणि बाकीचे सगळे निघून गेले तरी एकट्याच्या जोरावर वाट अडलेली राहते. टोमॅटोचे एक वाण वर्षानुवर्षे नीट लाल न होता पिवळट-नारिंगी राहत असे; त्याचेही मूळ १९९५ मध्ये अशाच बहिऱ्या इथिलीन रिसेप्टरमध्ये सापडले. ती हे उत्तर स्वतःच्या शब्दांत सांगू शकली, तर तिची आवड वरवरची नाही असे समजायला हरकत नाही.

माणसाच्या शरीरातही हीच गोष्ट आहे, फक्त निरोप पुष्कळ आणि ऐकणारेही पुष्कळ. इन्सुलिन, वाढीचे हार्मोन यांसारखे निरोप पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर, म्हणजे जणू दारातच, ऐकले जातात. इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसॉल, थायरॉइड हार्मोन आणि ड जीवनसत्त्व यांचे मुख्य रिसेप्टर मात्र पेशीच्या आत असतात आणि थेट जनुकांवर बसून ते चालू-बंद करतात. या आतल्या घराण्यात माणसाकडे अठ्ठेचाळीस रिसेप्टर आहेत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत एलवुड जेन्सन यांनी इस्ट्रोजेनला किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावून ते उंदराच्या मादीला दिले आणि ते रक्तातून निघून गेल्यावरही गर्भाशयात टिकून राहते, असे दाखवले. गर्भाशयात त्याला धरून ठेवणारे काहीतरी आहे, हा त्याचा अर्थ होता. त्या 'काहीतरी'चा जनुक हाती यायला १९८६ उजाडले. त्याच्या आदल्या वर्षी कॉर्टिसॉलच्या रिसेप्टरचा जनुक मिळाला होता. रोनाल्ड इव्हान्स, पिएर शांबाँ आणि जेन्सन यांना या कामासाठी २००४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

आता 'आयुष्यभर करतात काय' याकडे येतो. माझी आई अहिराणीत हेच विचारायची, "काय करी ऱ्हायना तू तठे?" आणि मला धड उत्तर देता येत नसे. खरे उत्तर असे होते की मी नळ्या मोजत होतो. १९८० च्या दशकात रिसेप्टर मोजायचा म्हणजे पांढऱ्या उंदराच्या वृषणातील पेशींची पटले, म्हणजे बाहेरचे पडदे, बर्फावर वेगळी काढायची, हार्मोनला किरणोत्सारी आयोडीन-१२५ ची खूण लावायची, दोन्ही नळीत एकत्र ठेवायचे, मग नळी फिरवून खाली बसलेल्या गाळात किती किरणोत्सार राहिला ते यंत्रावर मोजायचे. या आयोडीनची ताकद सुमारे साठ दिवसांत निम्मी होते, त्यामुळे माल आला की सण असो की लग्न, काम सुरू करावेच लागे. प्रत्येक नळीची एक जोडनळी असे. तिच्यात खूण नसलेले हार्मोन शंभर पटींहून अधिक घालायचे. खऱ्या रिसेप्टरवरचे खुणेचे हार्मोन त्याने हुसकले जाते आणि जे उरते ते इकडेतिकडे चिकटलेले, म्हणजे वजा करायचे. दोन्हींतील फरक तेवढा रिसेप्टरचा. मग आलेखाच्या कागदावर ठिपके मांडायचे. ते सरळ रेषेत आले तर रिसेप्टर एकाच प्रकारचा, आणि रेषा वाकली तर काहीतरी निराळे.

माझी रेषा वाकली. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी सलग चार महिने ती वाकलेलीच येत राहिली आणि मी मनाशी ठरवून टाकले की एकाच हार्मोनचे दोन प्रकारचे रिसेप्टर मला सापडले आहेत. प्रयोगशाळेच्या साप्ताहिक बैठकीत मी ते मोठ्या ऐटीत मांडले. आमच्या गाइडनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "पटले न घालता नळी मोजली होतीस का?" मोजली नव्हती. दुसऱ्या दिवशी नुसत्या रिकाम्या नळ्यांत हार्मोन घालून मोजले, तर ते नळीच्या प्लास्टिकलाच चिकटत होते. वर आणखी फजिती अशी की खूण नसलेले हार्मोन जास्त घातले की ते तिथूनही हुसकले जात होते, म्हणजे अगदी खऱ्या रिसेप्टरसारखे. मधल्या काळात नळ्यांचा पुरवठादार बदलला होता आणि माझ्या द्रावणात अल्ब्युमिन पुरेसे नव्हते. ते प्रथिन नळीच्या भिंती आधीच व्यापून टाकते, मग हार्मोनला चिकटायला जागा उरत नाही. चार महिन्यांचे काम फेकावे लागले. नंतर वाचनात आले की १९७५ मध्येच पेद्रो क्वात्रेकासास आणि मॉर्ले हॉलेनबर्ग यांनी दाखवून ठेवले होते की इन्सुलिन साध्या टाल्कच्या भुकटीलाही अशाच 'विशिष्ट' रीतीने बसते. पावडरीच्या डब्यात रिसेप्टर नसतो, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण आपल्या नळीत तो नसेल, हे मान्य करायला लागतो. आज किरणोत्साराऐवजी चमकणारी प्रथिने वापरतात आणि संगणक रेषा काढून देतो, तरी रिकामी नळी मोजावीच लागते.

जनुकशास्त्र या विषयात आले ते मुख्यतः अपवादांच्या वाटेने. वनस्पतीत ते ताठ उभे राहिलेले रोप, तसे माणसांत एखादे कुटुंब. १९९४ मध्ये अठ्ठावीस वर्षांच्या एका पुरुषाची हकिकत प्रसिद्ध झाली. त्याची उंची २०४ सेंटीमीटर होती आणि या वयातही ती वाढतच होती, कारण हाडांच्या टोकांवरील वाढीच्या चकत्या मिटल्याच नव्हत्या. शिवाय हाडे ठिसूळ होती. रक्तात इस्ट्रोजेन कमी नव्हते, उलट जास्त होते, पण त्याच्या इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. पुरुषाच्या हाडांनाही इस्ट्रोजेनची गरज असते, ही गोष्ट या एका माणसाने जगाला शिकवली. तोवर पाठ्यपुस्तके हाडांच्या बाबतीत पुरुषाचे श्रेय बहुतेक टेस्टोस्टेरॉनला देऊन मोकळी होत असत.

आपल्या भागाशी जवळीक असलेले उदाहरण वाढ खुंटलेल्या मुलांचे आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वाढीचे हार्मोन सोडते, पण ते सोड असे सांगणारे आणखी एक हार्मोन वरून येते, आणि पीयूषिकेत ते ऐकणारा रिसेप्टर असतो. १९९६ मध्ये एका भारतीय कुटुंबात या रिसेप्टरच्या जनुकात असा बदल आढळला की प्रथिनाची साखळी ७२ व्या कडीशीच थांबते. दोन वर्षांनी सिंध प्रांतातील कमालीच्या बुटक्या पण सुडौल माणसांत नेमका हाच बदल मिळाला, आणि आता पश्चिम भारतातील रुग्णांतही तो पुन्हा पुन्हा दिसतो. मुलाला आजार होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत यावी लागते, म्हणून नात्यात लग्ने होणाऱ्या कुटुंबांत तो अधिक डोके वर काढतो. हे समजावून सांगणे मला खानदेशात कधी जड गेले नाही. नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे वाहक कोण आणि रुग्ण कोण हा फरक पाड्यावरच्या आयांनाही ठाऊक असतो; 'सिकलसेलसारखेच, फक्त जनुक दुसरा' एवढे म्हटले की पुरते.

या मुलांची बाजू चांगली अशी की त्यांच्यातील बहिरेपणा पीयूषिकेत आहे, हाडांत नाही. वाढीच्या हार्मोनची इंजेक्शने वेळेवर दिली तर ती वाढतात. याउलट १९६६ मध्ये झ्वी लारोन यांनी वर्णन केलेल्या आजारात मुले तशीच बुटकी दिसतात, पण रक्तात वाढीचे हार्मोन भरपूर असते. ते ऐकणारा रिसेप्टरच निकामी असतो. त्यांना हेच इंजेक्शन कितीही दिले तरी उपयोग नाही. पुढच्या पायरीवरचे हार्मोन, ज्याला आयजीएफ-१ म्हणतात, ते द्यावे लागते. दोन मुले शेजारी उभी केली तर नुसत्या डोळ्यांना फरक ओळखणे अवघड, आणि उपचार मात्र पूर्ण निराळा. निरोपच गेला नाही, की ऐकणारा नाही, आणि नसेल तर साखळीत नेमका कुठे नाही: भाऊ, तुमच्या 'करतात काय' या प्रश्नाचे माझे उत्तर इतकेच आहे. पस्तीस वर्षे मी वेगवेगळ्या तऱ्हेने हाच एक प्रश्न विचारत होतो.

कुटुंबांत जाऊन काम करण्याचा भाग मात्र कोणत्याही अभ्यासक्रमात नीट शिकवत नाहीत. वंशावळ काढायला बसलो की घरातले पुरुष दोन पिढ्यांत थांबतात. आजी मात्र कुणाची मुलगी कुणाच्या मामाकडे दिली आणि कोणते मूल लहानपणीच गेले, हे पाच पिढ्यांपर्यंत सांगते. कागद घेऊन आधी तिच्याजवळ बसावे. काही गोष्टी ओसरीवर बोलायच्या नसतात. अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोन, ऐकणाऱ्या रिसेप्टरच्या बदलात बाहेरून सर्वस्वी मुलगी असलेल्या, मुलगी म्हणूनच वाढलेल्या व्यक्तीची गुणसूत्रे एक्स-वाय, म्हणजे पुरुषांत असतात तशी, असतात. पाळी का येत नाही म्हणून तपासायला आणल्यावर हे उघड होते. टेस्टोस्टेरॉन शरीरात असते, पण ते ऐकणारा नसतो. ही माहिती प्रथम तिची आहे, मग आईवडिलांची, आणि सोयऱ्यांची तर मुळीच नाही. माझ्या उमेदीच्या काळात अशा मुलींच्या कागदांवर जे शब्द लिहिले जात, ते आज वाचवत नाहीत.

एक सल मनात आहे, तोही लिहितो. एका संस्थेत काम करत असताना दिवाळीच्या सुट्टीत वीज गेली, जनरेटर सुरू झाला नाही आणि उणे ऐंशी अंशाच्या फ्रीझरमधील आमचे आरएनएचे नमुने वितळून खराब झाले. धोक्याची घंटा बसवून द्या, असा अर्ज मी सात महिने आधी दिला होता. त्यातील एका कुटुंबाकडे मला पुन्हा जावे लागले, आणि दिलेले रक्त वाया गेले हे सांगून पुन्हा रक्त मागावे लागले. त्यांनी दिले. चहाही दिला. त्या चहाचा घोट उतरत नव्हता.

आता वाट, वेळ आणि पैसा. एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची कनिष्ठ फेलोशिप, मिळवणे हा सरळ मार्ग. जैवतंत्रज्ञान विभागाची आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) फेलोशिपही आहे. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलो, म्हणून ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा; रक्कम कधी कधी उशिरा येते, याची तयारी ठेवावी. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे लागतात, त्यानंतर बहुधा दोन-चार वर्षे पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचे तात्पुरते संशोधनपद. कायम नोकरी हाती येईपर्यंत वय तिशीच्या मध्यावर जाते आणि त्या नोकऱ्या थोड्या आहेत, हे मी लपवणार नाही. लग्नाचा विषय घरात याच काळात निघतो. मुलगा असता तर निघाला नसता इतक्या जोराने निघतो. मुंबईत परळला प्रजनन आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, पुण्यात आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधनाची संस्था आणि पेशीविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र आहे, हैदराबादला सीसीएमबी हे पेशी व रेणवीय जीवशास्त्राचे केंद्र आहे. जळगावला आज विद्यापीठ आहे. मी शिकलो तेव्हा आमच्या पदवीवर पुणे विद्यापीठाचा शिक्का असे, कारण इथले विद्यापीठ १९९० मध्ये झाले. त्यामुळे खानदेशातून जाणे आता तितके परके राहिलेले नाही. संस्थेच्या नावापेक्षा गाइड पाहून निवड करावी, असे माझे ठाम मत आहे. तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना एकांतात विचारावे की तुमचा निकाल चुकला तेव्हा सर काय म्हणाले. शिवाय संख्याशास्त्र आणि थोडे प्रोग्रामिंग एम.एस्सी.तच शिकून घ्यावे. जनुकांचा अभ्यास आता नळीइतकाच संगणकावर चालतो.

धीर किती लागतो, याचा अंदाज एका उदाहरणावरून घ्यावा. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत डग्लस कोलमन यांनी दोन प्रकारच्या लठ्ठ उंदरांचे रक्ताभिसरण निरोगी उंदरांच्या रक्ताभिसरणाशी जोडून पाहिले. एका प्रकारचा लठ्ठ उंदीर जोडणीनंतर कमी खाऊ लागला. दुसऱ्या प्रकारात मात्र लठ्ठ उंदीर तसाच राहिला आणि त्याचा निरोगी जोडीदारच खाणे सोडून मेला. पहिल्याकडे भूक थांबवणारा निरोप नाही, दुसऱ्याकडे निरोप उतू जातो आहे पण ऐकणारा नाही, असे अनुमान त्यांनी १९७० च्या दशकात काढले आणि अनेकांनी ते मानले नाही. जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिनचा, म्हणजे त्या भूक थांबवणाऱ्या निरोपाचा, जनुक सापडला १९९४ मध्ये, आणि त्याचा रिसेप्टर दुसऱ्या एका गटाला १९९५ मध्ये. अनुमान बरोबर निघाले.

'उपयोग काय' असे नातेवाईक विचारतील, तेव्हा त्यांना स्तनाच्या कर्करोगाचा कोणताही तपासणी अहवाल दाखवा. त्यात ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर), पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) आणि हर-टू (पेशीच्या वाढीशी संबंधित रिसेप्टर) अशा तीन नोंदी असतात आणि या तिन्ही रिसेप्टरच्याच आहेत. ईआर पॉझिटिव्ह असेल तर त्या गाठीच्या पेशी इस्ट्रोजेनचे ऐकून वाढतात, म्हणून त्यांचे कान बंद करणारी टॅमॉक्सिफेनसारखी गोळी देता येते. ती अमेरिकेत या आजारासाठी १९७७ मध्ये मंजूर झाली. काही रुग्णांत वर्षांनंतर गोळी निष्प्रभ होते. गाठीतील रिसेप्टरच्या जनुकात असा बदल झालेला असतो की तो निरोपाशिवायच बोलू लागतो, हे २०१३ च्या सुमारास स्पष्ट झाले आणि त्यावरची नवी औषधे आता येत आहेत. जेन्सन यांच्या उंदरांपासून इथवर साधारण साठ वर्षे झाली.

मुलीला पाठवावे का, याचा निर्णय मी देणार नाही. ती सज्ञान आहे. पण तुमच्या मळ्यात एक छोटा प्रयोग तिला करू द्या. एकाच घडाच्या, एकाच वयाच्या हिरव्या फण्या घ्याव्यात. काही फण्या एका बंद डब्यात पिकलेल्या केळ्यासोबत, काही तशाच डब्यात एकट्या, आणि काही उघड्यावर टोपलीत ठेवाव्यात. प्रत्येक प्रकारचे निदान पाच संच असावेत. रोज ठरावीक वेळी तापमान आणि सालीचा रंग लिहावा. रंग लिहिणाऱ्याला कोणता डबा कोणता हे माहीत नसावे. ते काम तुम्ही स्वतः करा. कांदेबाग आणि मृगबाग या लागवडीच्या दोन्ही हंगामांच्या मालावर एकेकदा करून पाहावे. पाचांपैकी एखादा संच हमखास बाकीच्यांशी जुळणार नाही. तिची वही मला पाहायला आवडेल, फक्त त्या संचाची पाने तिने फाडलेली नसावीत.